तेवढे चालायचेच!

एरवी या सदराच्या वाट्याला दर आठवड्यास दीड स्तंभाची जागा येते. दिवाळी अंकात मात्र संपादकमहाशय थोडे पाय पसरू देतात, म्हणून एक लांबलेला विषय आज सविस्तर घेतो. विषय आहे मोटरसायकलचा. ज्यांना मोटरसायकलची आवड नाही त्यांनी लगेच पान उलटू नये. गोष्ट मोटरसायकलची असली तरी ती स्वयंपाकघरातल्या मिक्सरला, माजघरातल्या पंख्याला आणि गेल्या पाडव्याला हप्त्यावर घेतलेल्या धुलाईयंत्रालाही तितकीच लागू पडते.

आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुऊन-पुसून तिला झेंडूची माळ घालतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कारखानदाराच्या पेढीवर हिशेबाची वही पुजली जाते. पूजा दोघेही मनोभावेच करतात. पण गाडीवाल्याचा देव गाडीत असतो आणि कारखानदाराचा वहीत. बहुतेक वर्षी या दोन देवांचे बरे जमते. ज्या वर्षी जमत नाही त्या वर्षी काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

चार मोटरसायकलवाले एकत्र जमले की संभाषण कोणत्या वळणावर जाते ते सांगायला नको.

"अहो, कंपनीच्या नफ्याचा आकडा वाचलात का पेपरात? आणि माझ्या गाडीचा आरसा पहिल्या पावसातच गंजला!"

"मग? कंपनीने काय धर्मशाळा काढली आहे? नफा झाला नाही तर उद्या सुटा भाग कुणाकडे मागाल?"

"नफा घ्या हो, कोण नको म्हणतो? पण तो आमच्या नट-बोल्टांतून का काढता?"

पहिल्या दोघांचे भांडण दिवसभर चालू शकते, कारण दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. तिसऱ्याने मात्र नेमके बोट ठेवले आहे. नफा होतो की नाही एवढेच पाहून भागत नाही, तो कोठून येतो हेही पाहावे लागते. या वाक्याची परीक्षा पाहायची तर अमेरिकेतल्या एका नामांकित मोटरसायकलीची हकीगत ऐकण्यासारखी आहे. या गाडीचे मालक इतके एकनिष्ठ, की कंपनीचे नाव दंडावर गोंदवून घेणारे त्यांच्यात पुष्कळ सापडतात. अशी माणसे जेव्हा कंपनीवर रुसतात, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असणार हे उघड आहे.

ही गाडी म्हणजे हार्ले-डेव्हिडसन. मिलवॉकी शहरात १९०३ साली विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन या दोन तरुण मित्रांनी एका लाकडी खोपटात तिचा उद्योग सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने सैन्याला सुमारे ९०,००० मोटरसायकली पुरवल्या. तिची जुनी प्रतिस्पर्धी 'इंडियन' – नावाला भुलू नका, तीही अस्सल अमेरिकनच – १९५३ साली बंद पडली आणि अमेरिकेतल्या मोठ्या मोटरसायकल कारखान्यांत हार्ले एकटीच उरली. एकट्या उरलेल्या दुकानदाराचे जे होते तेच तिचे झाले. यंत्रसामग्री जुनी, इंजिनाची घडण जुनी, आणि गिऱ्हाईक जाईल कोठे ही मनाची खात्री.

१९६५ साली कंपनीने आपले भाग बाजारात विकायला काढले. तीन-चार वर्षांत एक मोठा उद्योगसमूह तिला गिळायला टपला. त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी १९६९ साली हार्ले दुसऱ्या एका समूहाच्या पदरात जाऊन पडली. त्याचे नाव 'अमेरिकन मशीन अँड फाउंड्री', म्हणजेच एएमएफ. हा समूह बोलिंग नावाच्या खेळाची यंत्रे आणि इतर क्रीडासाहित्य यांबद्दल प्रसिद्ध होता. त्याचे प्रमुख रॉडनी गॉट हे स्वतः हार्लेचे शौकीन होते. तेव्हा या गोष्टीत कोणी खलनायक आहे अशी समजूत करून घेऊ नका.

नव्या मालकांनी पैसा ओतला आणि अर्थातच त्याचा परतावा मागितला. परतावा लवकर हवा तर गाड्या जास्त निघायला हव्यात. उत्पादन थोड्याच वर्षांत काही पटींनी वाढले. १९७३ पासून गाड्यांची जुळणी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी होऊ लागली. इंजिने मात्र मिलवॉकीतच तयार होत आणि ट्रकमधून हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून यॉर्कला पोहोचत. इंजिन बनवणारा आणि ते सांगाड्यावर चढवणारा यांची तोंडओळखही राहिली नाही. १९७४ साली कामगारांचा दीर्घ संप झाला. जुन्या यंत्रांवर वाढत्या उत्पादनाचा ताण आणि माणसांच्या मनात अढी, अशा स्थितीत गाड्या भराभर बाहेर पडू लागल्या.

त्या कशा पडत? कित्येक गाड्या जुळणीच्या रांगेतून निघताना एखाद्या भागावाचूनच निघत. तो भाग मागाहून बसवायचा. जे तेथे राहून जाई ते विक्रेत्याच्या दुकानातला मिस्त्री निस्तरी. दुकानात मांडलेल्या कोऱ्या गाडीखाली तेल टिपायला पुठ्ठा ठेवावा लागे, असे त्या काळचे लोक सांगतात. गाडीच्या टाकीवर हार्लेच्या नावाशेजारी एएमएफ ही तीन अक्षरेही आली होती. कित्येक मालकांनी ती अक्षरे खरवडून काढली. कंपनीच्या नावाची टिंगल करणारी टोपणनावे निघाली, आणि ती निघाली हार्लेवाल्यांच्याच अड्ड्यांवर.

येथे मालकांच्या मताचा एक मासला पाहण्यासारखा आहे. टाकीवरची अक्षरे खरवडणारा हा गृहस्थ गाडी मात्र विकत नसे. ती गळते, थरथरते, घाटात बंद पडते, हे तो मित्रांना रंगवून सांगे. वर म्हणे, "हार्ले आहे बाबा, तेवढे चालायचेच!" गाडीचा दोष हा त्याच्या दृष्टीने गाडीच्या स्वभावाचा भाग झाला होता. घरातल्या तापट वडीलधाऱ्यांविषयी आपण जसे बोलतो, अगदी तसे.

हे 'तेवढे चालायचेच' कारखानदाराला फार सोयीचे असते. गिऱ्हाईक दोष पोटात घालते, म्हणजे दोष काढायचा खर्च वाचतो. वाचलेला खर्च वहीत नफ्याच्या रकान्यात जाऊन बसतो. वहीवाल्याला वाटते, यंदा कारभार छान झाला. प्रत्यक्षात त्याने कमाई केलेली नसते. पन्नास वर्षे गाड्या विकून लोकांच्या मनात जी पुंजी साठली होती, तिच्यातून त्याने उचल केलेली असते. वहीत या उचलीचा रकाना नसतो, एवढेच.

गृहिणींना हे सांगायला नको. नेहमीच्या मिठाईवाल्याने एके वर्षी अनारशांत तूप कमी केले तर त्या वर्षी त्याचा नफा वाढतोच. दुसऱ्या वर्षी लोक म्हणतात, यंदा काहीतरी बिघडले असेल. तिसऱ्या वर्षी ते काहीच बोलत नाहीत. शेजारच्या दुकानात जातात.

अमेरिकेत हे शेजारचे दुकान जपानी होते. होंडाने १९५९ साली अमेरिकेत छोट्या गाड्यांनी सुरुवात केली तेव्हा मोठ्या गाड्यांच्या कारखानदारांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९६९ साली होंडाची ७५० सीसीची गाडी आली. चार सिलिंडर, बटण दाबून सुरू होणारे इंजिन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि खाली पुठ्ठा ठेवण्याची गरज नाही! १९७३ च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गाड्यांच्या बाजारात हार्लेचा वाटा तीन चतुर्थांशांच्या आसपास होता. दहा वर्षांत तो पावाच्या घरात आला. जे गेले त्यांतल्या बहुतेकांनी कोठे तक्रारीचे पत्रही लिहिले नसेल. रागावलेले गिऱ्हाईक भांडायला तरी येते, कंटाळलेले येत नाही.

१९८१ साली कंपनीतल्याच १३ अधिकाऱ्यांनी हार्ले एएमएफकडून विकत घेतली. व्हॉन बील्स हे त्यांचे अग्रणी. मूळ संस्थापकांपैकी एकाचा नातू विली डेव्हिडसन हाही त्यांत होता. किंमत सुमारे आठ कोटी डॉलर आणि तीही बहुतांशी कर्जाची. सौदा झाल्यावर मंडळींनी यॉर्कपासून मिलवॉकीपर्यंत मोटरसायकलींवरून मिरवणूक काढली. पण मिरवणुकीने तेलाची गळती थांबत नाही.

ती कशाने थांबली, हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. जपान्यांना हे यश यंत्रमानवांमुळे, स्वस्त मजुरीमुळे, सकाळच्या कवायतीमुळे आणि कंपनीच्या गाण्यामुळे मिळते, असे हार्लेच्या अधिकाऱ्यांनाही वाटत असे. मग त्यांनी होंडाचा कारखाना पाहिला. तोही जपानात नव्हे, अमेरिकेतच, ओहायो राज्यातल्या मेरिसव्हिल गावी. तेथे कामगार अमेरिकन होते, यंत्रमानवांचा थाट नव्हता, कागदपत्रांचे ढीगही नव्हते. होंडाच्या शंभर गाड्यांपैकी शेवटच्या तपासणीत जेमतेम पाच नापास होत, तर हार्लेच्या निम्म्याहून अधिक!

फरक होता कामाच्या रीतीत. हार्लेकडे सुट्या भागांचे कित्येक महिन्यांचे साठे पडलेले असत. ज्या घरात वर्षाचे तांदूळ भरून ठेवतात तेथे पोरकिडे लागल्याचे सहा महिन्यांनी कळते, आणि तोवर निम्मी कोठी वाया गेलेली असते. कारखान्यातही तसेच. भाग चुकीचा कापला गेला आहे हे कळायच्या आत तसले हजारो भाग तयार होऊन गंजत पडलेले. होंडाकडे भाग लागतील तेव्हा आणि लागतील तेवढेच येत, त्यामुळे चूक त्याच दिवशी हाती लागे. शिवाय काम करणारा माणूस आपल्या कामाची मापे स्वतः घेई, त्यांचा आलेख मांडी, आणि बिघडते आहे असे दिसताच हात थांबवी. हार्लेवाल्यांनी ही रीत उचलली. कामगारांना विचारायला सुरुवात केली, साठे उतरवले. दुरुस्तीवर जाणारा पैसा वाचला आणि गोदामात अडकलेला पैसा मोकळा झाला. म्हणजे गाडी सुधारताना खर्च वाढला नाही, उलट उतरला. दर्जा आणि नफा यांचे जन्मजात वैर असते हा समज येथे खोटा ठरतो. दर्जाशी वैर असते ते घाईच्या नफ्याचे.

मात्र हे सोपे होते असे कोणी समजू नये. १९८३ साली अमेरिकन सरकारने ७०० सीसीवरच्या परदेशी गाड्यांवरील जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. ती पाच वर्षांत उतरत जायची होती. हार्लेला ही उसंत मिळाली. जपान्यांनी इंजिने सातशेच्या आत आणून त्यातूनही वाट काढली, ते सोडा! १९८४ साली हार्लेचे नवे ॲल्युमिनियमचे 'इव्होल्युशन' इंजिन आले. गळणारे तेल थांबले तरी लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. १९८५ च्या अखेरीस कर्ज देणाऱ्या बँकेने हात आखडता घेतला तेव्हा कंपनीचे दिवाळे अगदी दाराशी आले होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसरी एक पतसंस्था पुढे आली म्हणून निभावले. १९८७ च्या मार्चमध्ये मात्र हार्लेनेच सरकारला कळवले, की आता आम्हाला ही जकात नको, मुदतीपूर्वी काढा. संरक्षण आपणहून परत करणारे कारखानदार आम्हाला तरी फार ठाऊक नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. १९८३ साली मालकांचा संघ काढला आणि अधिकारी स्वतः गाडीवर बसून मालकांच्या मेळाव्यांना जाऊ लागले. ऑफिसात बसून तक्रारीचा तक्ता वाचणे वेगळे आणि गाडी उभी करून समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकणे वेगळे. 'तेवढे चालायचेच' म्हणणाऱ्या मालकालाच "का म्हणून चालायचे?" असे कंपनीने विचारण्यासारखे हे होते.

न्यायाची गोष्ट म्हणून एक सांगायला हवे. ज्या इव्होल्युशन इंजिनाने कंपनी तरली त्याच्या आखणीला सुरुवात एएमएफच्या राजवटीतच, तिच्याच पैशाने झाली होती. एएमएफ नसती तर १९६९ च्या पुढे हार्ले टिकली असती की नाही, याबद्दल जुने मालक आजही वाद घालतात. आणि पुढे सुबत्ता आल्यावर हार्लेच्या नव्या कारभाऱ्यांनाही मालकांचे बोल ऐकावे लागलेच. १९९९ सालच्या नव्या इंजिनात कॅमच्या साखळीला ताण देणारे प्लास्टिकचे छोटे तुकडे लवकर झिजत. एवढ्या महागड्या गाडीत एवढासा भाग हलका का, असे मालक विचारत. २००७ पर्यंत सर्व मोठ्या गाड्यांत ती रचना बदलण्यात आली. तात्पर्य, दर्जा हा एकदा मिळवून कपाटात ठेवायचा चषक नव्हे. तो रोजचा स्वयंपाक आहे.

आता घरी येऊ. हार्ले आपल्याकडे २०१० पासून विकली जाऊ लागली आणि २०२० साली स्वतःचा कारभार आवरून हिरो कंपनीशी हातमिळवणी करून राहिली. पण आपल्या मध्यमवर्गाचा जीव गुंतला तो हार्लेत नव्हे. तो आधी गुंतला स्कूटरीत.

आकुर्डीची बजाज स्कूटर ज्यांनी नंबर लावून मिळवली ती पिढी अजून आपल्यात आहे. १९७२ साली चेतक आली. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे त्या काळी दिल्लीचे परवाने ठरवत, त्यामुळे नंबर लावल्यावर गाडी हाती यायला दहा-दहा वर्षेही लागत. मुलगा पाळण्यात असताना नंबर लावावा म्हणजे तो कॉलेजात जाईपर्यंत स्कूटर येते, अशी थट्टा चाले. सकाळी ती एका अंगावर कलती करून मग किक मारायची, हे शास्त्र प्रत्येक घरात ठाऊक होते. कोणी तक्रार केली का? छे! दहा वर्षांनी आलेल्या गाडीची तक्रार कोण करतो? त्या स्कूटरने संसारच्या संसार वाहिले, पुढे एक उभा आणि मागे एक कडेवर, हे खरेच आहे. त्या प्रेमाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या बाजारात गिऱ्हाईक रांगेत उभे असते त्या बाजारात त्याचे मत विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही, ही गोष्टही तितकीच खरी. १९८५ मध्ये हिरो-होंडाची १०० सीसीची मोटरसायकल आली, तेव्हा लोकांना प्रथमच कळले की गाडी कलती न करताही सुरू होऊ शकते. बजाजनेही पुढे स्वतःला बदलले, २००१ साली पल्सर काढली, आणि २००९ साली तर स्कूटरींचा धंदाच सोडला. इलेक्ट्रिक चेतक आली ती २०२० साली.

प्रेमात दोष पोटात घालण्याचा कळस मात्र बुलेटवाल्यांनी गाठला. रॉयल एनफील्डची ही गाडी १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. विलायतेतली मूळ कंपनी पुढे बंद पडली तरी येथला कारखाना चालत राहिला. जुनी बुलेट सुरू करणे हा एक विधीच होता. ॲम्पिअरचा काटा पाहायचा, डिकॉम्प्रेसरची कळ दाबायची, पिस्टन जागेवर आणायचा आणि मग देवाचे नाव घेऊन किक. चुकली तर पोटरी शेकत बसायचे. खाली तेलाचा ठिपका पडलेला असला म्हणजे टाकीत तेल आहे हे कळते, असे बुलेटवाले अभिमानाने सांगत.

अभिमान पुष्कळ होता, विक्री मात्र नव्हती. २००० सालच्या सुमारास महिन्याला ६,००० गाड्या काढू शकणाऱ्या कारखान्यातून जेमतेम २,००० निघत होत्या आणि धंदा बंद करावा की काय असा विचार आयशरच्या संचालकांत चालला होता. तरुण सिद्धार्थ लाल यांनी मुदत मागून घेतली. गळती आणि मोडतोड थांबवायची तर जुने बिडाचे इंजिन बदलायला हवे होते. आणि गंमत पाहा, त्याला पहिला विरोध जुन्या मालकांचाच! उजव्या पायाचा गिअर डाव्या पायाला आला, इंजिनाचा ठोका बदलला, म्हणून 'ही बुलेटच नव्हे' असे म्हणत कित्येकांनी नाके मुरडली. मालकांचे मत ऐकावे म्हणतात ते खरे, पण मालकाला काय हवे हे कधी कधी मालकालाही सांगता येत नाही. त्याला ठोका हवा होता, गळती नको होती. वर्षानुवर्षे दोन्ही एकत्रच मिळाल्यामुळे त्याला ती एकच वस्तू वाटू लागली होती, इतकेच. २००९ मध्ये नव्या इंजिनाची 'क्लासिक' आली आणि पाहता पाहता पुन्हा रांगा लागल्या.

आज चित्र अगदी उलटे आहे. २०२४-२५ या वर्षात रॉयल एनफील्डच्या १० लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या, आणि आयशर मोटर्सचा एकत्रित निव्वळ नफा ४,००० कोटी रुपयांच्या वर गेला. म्हणून मालकांच्या घोळक्यात आता पुन्हा ते जुने संभाषण ऐकू येते. २०२१ च्या मे महिन्यात कंपनीने इग्निशन कॉइलमधील दोषासाठी २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मागच्या ब्रेकच्या एका आधारपट्टीसाठी २६,३०० क्लासिक गाड्या बोलावल्या. एक मालक म्हणतो, "एवढा नफा आणि कॉइल धड नाही? आमच्यावर प्रयोग करतात!" दुसरा म्हणतो, "निदान सांगितले तरी. न सांगणारे किती असतील!"

आमचे मत विचाराल तर आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे, पण पहिल्याला गप्प बसवू नये या अटीवर. ब्रेकची पट्टी म्हणजे काही आरशाचा गंज नव्हे. त्या गाडीवर मागे पत्नी बसते आणि मध्ये मूल बसते. अशा दोषाची हाक कंपनीने जाहीर द्यावी, गाडी फुकट दुरुस्त करून द्यावी, यात तिची लाज नाही, अब्रू आहे. आणि पहिला गृहस्थ ओरडत राहतो म्हणूनच दुसऱ्याला वेळेवर सांगितले जाते.

अडचण आहे ती न ओरडणाऱ्यांची. आमच्या माहितीतल्या एका सुशिक्षित कुटुंबाने नवी मोटरसायकल घेतली, कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. दुसऱ्या महिन्यापासून ब्रेक लावला की पुढून खडखड आवाज येई. गृहस्थ दोनदा सर्व्हिसिंगला गेले. दोन्ही वेळा तेथल्या मुलाने गोड आवाजात सांगितले, "काका, या मॉडेलला तेवढं असतंच." गृहस्थ समाधान पावून परत आले. तिसऱ्या वेळी त्यांच्या सौभाग्यवती बरोबर गेल्या. त्यांनी एवढेच म्हटले, "असतंच ना? मग तेवढं या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून द्या." दहा मिनिटांत मोठे साहेब बाहेर आले. संध्याकाळी ब्रेकचा भाग बदलून मिळाला, तोही हमीत, एक पैसा न घेता.

या बाईंनी जे केले ते हार्लेच्या मालकांनी १९७० च्या दशकात केले असते तर कदाचित पुष्कळ पुढचे टळले असते. आणि त्यांच्यापेक्षा आपल्या हाती आज साधनेही अधिक आहेत. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला, त्यात सदोष मालामुळे इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. २०१९ मध्येच मोटार वाहन कायदा सुधारून, सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम कंपन्यांना देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण कायद्याला लागतो कागद, आणि आपण तक्रार करतो ती कट्ट्यावर.

तेव्हा वाचकहो, या पाडव्याला घरी गाडी यायची असेल तर जरूर येऊ द्या. घेण्यापूर्वी मात्र दुकानातल्या गालिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारण्याऐवजी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला विचारा, की या गाडीचे तुझ्याकडे सर्वांत जास्त काय येते. त्याला कोणत्याच कंपनीच्या नफ्याशी कर्तव्य नसते. प्रत्येक दुरुस्तीचा कागद जपून ठेवा. दोष दिसला तर लेखी कळवा, सभ्य भाषेत, पण कळवा. गाडीवर प्रेम करा, कंपनीला चांगला नफा होऊ द्या. नफा झाला तरच दहा वर्षांनी तुमच्या गाडीचा सुटा भाग मिळेल, हे त्या दुसऱ्या गृहस्थाचे म्हणणे आम्हाला मान्यच आहे. फक्त 'तेवढे चालायचेच' हे तीर्थ-प्रसादासारखे उगाच वाटत सुटू नका. आपल्या एकेका 'चालायचेच'ची किंमत कारखान्यात कोणीतरी मोजत असतो.

सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि पाडव्याची गाडी पहिल्या किकला, किंवा हल्लीच्या रीतीप्रमाणे पहिल्या बटणाला, सुरू होवो!